तलवार थोरल्याची, म्यान धाकट्याचं

संग्रहालयात त्यांना सगळे शस्त्रबाई म्हणत. नाव ऐकून माणसं आधी दचकत आणि प्रत्यक्ष बघितल्यावर हसू दाबत. कारण शस्त्रबाई होत्या जेमतेम पाच फूट, चष्मा सदा नाकावरून घसरलेला, आणि आवाज असा की शेजारच्या खुर्चीतल्या माणसालाही “काय म्हणालात?” असं दोनदा विचारावं लागे.

तळमजल्यावरचं शस्त्रदालन गेली एकोणीस वर्षं त्यांच्या ताब्यात होतं. भाले, गदा, परशू, खंजीर, धनुष्यं, दोन चिलखतं आणि ढालींची एक अख्खी भिंत. संग्रहालयाला सुट्टी असली की त्या हातमोजे चढवून एकेका पात्याला तेलाचा हात देत, कुठे गंज धरलाय का ते भिंगातून बघत, आणि पुसता पुसता त्या हत्यारांशी गप्पाही मारत. घरी मात्र त्यांची भाजीची सुरी इतकी बोथट होती की नवरा म्हणे, “आमच्याकडे टोमॅटो कापत नाहीत, चेंगरून मारतात.”

तर झालं असं, की संग्रहालयाच्या साहेबांच्या डोक्यात एक कल्पना आली. साहेबांच्या डोक्यात कल्पना आली की इतरांच्या डोक्याला ताप होई, हे सगळ्यांना ठाऊक होतं. या वेळी त्यांनी परस्पर वर्तमानपत्रात निवेदन देऊन टाकलं: ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एखादं जुनं शस्त्र असेल त्यांनी ते दोन महिन्यांसाठी आम्हाला द्यावं, आम्ही ‘घराघरातली शस्त्रं’ असं प्रदर्शन भरवणार आहोत.

“पाच-सहा वस्तू आल्या तरी खूप,” शस्त्रबाई म्हणाल्या.

“काय म्हणालात?” साहेबांनी विचारलं.

पण पहिल्याच दिवशी सकाळी रांग फाटकाबाहेर गेली. आणि काय काय आलं! एका बाईंनी कपडे वाळत घालायची काठी आणली. काठीच्या टोकाचं कापड सोडलं तर आत भाल्याचं पातं. चादर फाटू नये म्हणून त्यांच्या सासूबाईंनी ते बांधून ठेवलं होतं. दुसऱ्या एका घरात पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून चामड्याची ढाल होती. एका आजोबांनी दार आपटू नये म्हणून दाराशी लावलेला लोखंडी गोळा आणला, तो निघाला तुटलेल्या गदेचा. कुणीतरी शिरस्त्राण आणलं, त्याला तळाशी भोक पाडलेलं आणि आत शेवंतीचं रोप.

“रोप काढू का?” आणणाऱ्यानं विचारलं.

“राहू द्या,” शस्त्रबाई म्हणाल्या. “छान रुजलंय.”

त्यांना मनातून फार बरं वाटलं. लढाईत एकदाच कामाला आलेली, कदाचित आलीही नसतील अशी ही हत्यारं, आणि नंतर शंभर-दीडशे वर्षं चादरी वाळवत, पाणी झाकत, दारं अडवत बसलेली. अशी सुखाची नोकरी किती जणांच्या नशिबी असते?

त्या रांगेत दुपारच्या सुमारास एक उंच, वाकलेले गृहस्थ आले. गळ्यात मापाची फीत, शर्टाच्या खिशाला टोचलेल्या तीन सुया. जवळच्या बाजारात त्यांचं शिवणाचं दुकान होतं आणि सगळे त्यांना टेलरकाका म्हणत. त्यांनी बगलेतून एक लांबोडकं बोचकं काढलं आणि टेबलावर ठेवलं. बोचकं कसलं, मखमलीचा शिवलेला झगाच होता तो. आतून अस्तर, एका बाजूनं नऊ बटणं, मुठीपाशी चुण्या.

“मी शिवलाय,” टेलरकाका म्हणाले. “दर चार वर्षांनी नवा शिवतो. काय करणार, बिचारीला अंगावर घालायला काही नाही.”

बटणं सोडली तशी आतून तलवार निघाली. आखूड, जाड, चांगली तीन-साडेतीन बोटं रुंद पात्याची. गंजाचा ठिपका नाही. शस्त्रबाईंनी भिंग लावलं आणि खुशीत मान डोलावली. “फार उत्तम राखलीत. आणि म्यान?”

हा प्रश्न करायला नको होता. टेलरकाकांचा चेहरा असा झाला जसं कुणी त्यांच्या कात्रीनं कागद कापला.

“म्यान चोरीला गेलंय,” ते म्हणाले. “चोर कोण ते मला माहीत आहे. माझा सख्खा धाकटा भाऊ. बत्तीस वर्षं झाली. आणि बाई, माझी अट एकच. तलवारीखाली जी पाटी लावाल तिच्यावर हे लिहायचं. ‘हिचं म्यान धाकट्या भावानं पळवलं.’ ठळक अक्षरांत.”

शस्त्रबाई म्हणाल्या, पाटीचं नंतर बघू. टेलरकाकांना वाटलं त्या ‘हो’ म्हणाल्या. कमी आवाजाचा हा एक फायदा असतो.

दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधी पाच मिनिटं एक ठेंगणे, गोल गृहस्थ फाटकाशी घड्याळ बघत उभे होते. हे निवृत्त बसचालक. नातेवाइकांपासून भाजीवाल्यापर्यंत सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणत. बरोबर त्यांची बायको, आणि बायकोच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं म्यान.

“आधी सांगतो,” ड्रायव्हरकाका म्हणाले, “ह्याच्या टोकावर जो पोचा दिसतोय तो आमच्या हिनं पाडलाय. पाल हाकलताना.”

“माळ्यावरचे डबे काढायलाही फार सोयीचं पडतं,” काकू निवांतपणे म्हणाल्या. “लांबी चांगली आहे हो. दोन महिने मी काय वापरू?”

लाकडावर चामडं चढवलेलं, तोंडाशी आणि टोकाशी पितळेची टोपी असलेलं, हलक्या बाकाचं ते देखणं म्यान शस्त्रबाईंनी हातात घेतलं. तेवढ्यात ड्रायव्हरकाका टेबलावर वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, “अट एकच. पाटीवर लिहायचं, ‘ह्यातली तलवार थोरल्या भावानं दाबून ठेवली आहे.’ तो टेलर. बाजारात दुकान आहे. नाव घालायची गरज नाही, लोकांना कळेल.”

“ती कालच आली,” शस्त्रबाई म्हणाल्या.

“काय म्हणालात?”

“तलवार. काल आलीये आमच्याकडे.”

ड्रायव्हरकाका सरळ झाले. मनगटावरचं घड्याळ त्यांनी उगाच बघितलं. मग म्हणाले, “कशी आहे?”

त्यांनी तलवारीबद्दल विचारलं की दादाबद्दल, ते शस्त्रबाईंना काही ठरवता आलं नाही. म्हणून त्यांनी “चांगली आहे” असं सांगितलं, ते दोन्हीकडे चालण्यासारखं होतं.

सगळी हकिगत मग काकूंनीच सांगितली. सासरे गेले तेव्हा घरात वाटणी करण्यासारखं काही नव्हतंच. भांडीकुंडी सुनांनी हसत वाटून घेतली. पेटीच्या तळाशी दोन वेगवेगळ्या फडक्यांत बांधलेली तलवार आणि म्यान निघालं. ‘पणजोबांची तलवार’ म्हणून सासरे नुसतं सांगायचे, हात लावू द्यायचे नाहीत. थोरले म्हणाले, मी थोरला, तलवार माझ्याकडे राहील. धाकटे म्हणाले, बाबांची शेवटची तीन वर्षं मी सेवा केली, तलवार माझी. शब्दाला शब्द लागला. थोरल्यांनी तलवारीचं फडकं उचललं. धाकट्यांनी म्यानाचं. “ठेव म्हणावं उघडी!” असं म्हणून हे जे तिथून निघाले, ते निघालेच. त्या दिवसापासून दोघांत विस्तव जात नाही. थोरल्यांना वाटे धाकटा म्यान घेऊन येईल, धाकट्यांना वाटे दादा तलवार घेऊन येईल. दोघंही वाट बघायला चिवट.

“आणि तुम्ही दोघी जावा?” शस्त्रबाईंनी विचारलं.

“आम्ही भेटतो की,” काकू म्हणाल्या. “मंडईत. दर आठवड्याला. ह्यांना कशाला सांगायचं?”

साहेबांना हे कळलं मात्र, त्यांना आकाश ठेंगणं झालं. बत्तीस वर्षांनी तलवार म्यानात जाणार! त्यांनी त्याच दिवशी वार्ताहरांना फोन केले. उद्‌घाटनाला दोन्ही भावांच्या हस्ते तलवार म्यानात घालायची, टाळ्या, छायाचित्रं, पुन्हा टाळ्या. दोन दिवसांत ते वर्तमानपत्रात छापूनही आलं.

इकडे शस्त्रबाई आपल्या खोलीत, लांब टेबलावर पांढरं कापड अंथरून, नोंदीसाठी मापं घेत होत्या. म्यानाच्या तोंडाची रुंदी घेतली. कागदावर लिहिली. पात्याची घेतली. लिहिली. मग दोन्ही आकड्यांकडे बघत राहिल्या. चष्मा पुसला आणि पुन्हा मापं घेतली. आकडे काही बदलले नाहीत. पातं म्यानाच्या तोंडापेक्षा चांगलं बोटभर रुंद होतं. आणि म्यान तलवारीपेक्षा एक वीत लांब.

त्यांनी दोन्ही वस्तू शेजारी ठेवल्या आणि खुर्चीत बसल्या. खरं तर पहिल्या नजरेलाच त्यांच्या लक्षात यायला हवं होतं. पण ‘दोन भाऊ, एक तलवार, एक म्यान’ ही गोष्टच इतकी एकमेकांत बसणारी होती, की वस्तू बसतात का हे बघायचं राहूनच गेलं. तलवार होती पायदळाची. गर्दीत, ढालीच्या आडून, जवळून घाव घालायची. अशा हत्याराला लांबी नको, वजन हवं. आणि म्यान होतं घोडेस्वाराच्या तलवारीचं. तिला घोड्यावरून खाली पोचायचं असतं, म्हणून ती लांब, निमुळती, हलकी. ही दोघं आयुष्यात कधी एकत्र राहिलेली नव्हती. फार तर एका पेटीत.

त्या साहेबांकडे गेल्या आणि मापांचा कागद पुढे ठेवला.

साहेबांनी कागद वाचला. उलटा करून मागे काही आहे का बघितलं. “एक बोट ना?” ते म्हणाले. “मग म्यान आतून जरा कोरून घेतलं तर? लाकूडच तर आहे. आपला सुतार सफाईदार आहे. वरून काही दिसणार नाही.”

“नाही,” शस्त्रबाई म्हणाल्या.

हे ‘नाही’ इतकं मोठ्यानं निघालं की बाहेर बसलेला पहारेकरी खुर्चीवरून उठून आत डोकावला. साहेबांच्या हातातला कागद टेबलावर पडला. खुद्द शस्त्रबाईंना आपल्याच आवाजाचं नवल वाटलं. पण आता तोंड उघडलंच आहे तर पुरतं बोलून घ्यावं, म्हणून त्या म्हणाल्या, “दोनशे वर्षांचं लाकूड आहे ते. ते कोरायचं, कारण आपण वर्तमानपत्रात छापलंय? मी कोरू देणार नाही. आणि उद्‌घाटनाच्या आधी त्या दोघांना मीच सांगणार. लोकांसमोर त्यांची फजिती नको.”

“सांगा,” साहेब पडलेल्या आवाजात म्हणाले. “पण काय सांगणार? की तुम्ही बत्तीस वर्षं उगाच भांडलात?”

शस्त्रबाईंनी कागद उचलला आणि त्या निघाल्या. रात्रीचं जेवण होईपर्यंत त्यांनी घरात चार-पाच प्रकारे ते वाक्य बोलून बघितलं. नवरा म्हणाला, “कसंही सांग, पण सांगताना तलवार त्यांच्या हाताशी ठेवू नकोस.”

शस्त्रबाईंनी दोघांना बुधवारी बोलावलं, वेळा मुद्दाम वेगळ्या दिल्या. टेलरकाकांना दहाची, ड्रायव्हरकाकांना साडेअकराची. मध्ये दीड तासाचं अंतर. एकेकाला शांतपणे समजावता येईल असा त्यांचा हिशेब. पण एक गोष्ट त्या विसरल्या. टेलरकाका होते शिंपी. आयुष्यात त्यांनी कुठलीच गोष्ट सांगितलेल्या वेळेला दिलेली नव्हती. आणि ड्रायव्हरकाकांनी चाळीस वर्षांत कधी गाडी उशिरा लावली नव्हती, लवकरच लावली होती. तेव्हा एक जण तासभर उशिरा आणि दुसरा अर्धा तास आधी, असे दोघंही बरोबर अकरा वाजता फाटकाशी समोरासमोर आले.

पहारेकऱ्यानं नंतर सांगितलं, की दोघं तिथे इतका वेळ थबकून उभे होते की त्याला वाटलं फाटक अडकलंय, म्हणून त्यानं दोन्ही दारं उघडली. दोघं आत आले. एक डाव्या दारानं, एक उजव्या.

शस्त्रबाईंनी त्यांना आपल्या खोलीत बसवलं. टेबलाच्या या टोकाला एक, त्या टोकाला एक, मध्ये तलवार आणि म्यान. टेलरकाका म्यानाकडे बघत होते आणि ड्रायव्हरकाका तलवारीकडे.

“मला तुम्हाला एक सांगायचंय,” शस्त्रबाईंनी सुरुवात केली, आणि पाठ केलेलं वाक्य विसरल्या. मग त्यांनी सरळ हातमोजे चढवले, तलवार उचलली, म्यान उचललं, आणि टोक तोंडाशी लावलं. पातं दोन बोटं आत गेलं आणि थांबलं. त्यांनी ते परत काढलं, उलट बाजूनं लावलं. पुन्हा दोन बोटं.

“जात नाही,” त्या म्हणाल्या. “जाणारच नाही. ही दोन्ही एकमेकांची नाहीत.”

दोघंही पुढे झुकून त्या अडलेल्या पात्याकडे बघायला लागले.

मग ड्रायव्हरकाका उठले. चेहरा लालबुंद. ते तलवारीकडे नाही, शस्त्रबाईंकडे बोट दाखवत म्हणाले, “दादा, ह्या बाईंनी बदललंय!”

“मलाही तेच वाटतंय,” टेलरकाका ताडकन म्हणाले. “माझी तलवार ही अशी नव्हती.”

“अहो, तुमचाच मखमली झगा आहे तिला!” शस्त्रबाई म्हणाल्या.

“झगा काय, तो कुणीही चढवेल! तू बघ रे, तुझं म्यान तरी तेच आहे का?”

ड्रायव्हरकाकांनी म्यान उचललं, टोकावरचा पोचा बघितला आणि ते थोडे वरमले. “पोचा तर हिनं पाडलेलाच आहे.”

“मग मापात घोटाळा आहे. सरका बाई.” टेलरकाकांनी गळ्यातली फीत सर्रकन काढली. खिशातून खडूचा तुकडाही निघाला, तो शस्त्रबाईंनी वेळेवर काढून घेतला. टेलरकाकांनी पात्याची रुंदी घेतली. म्यानाच्या तोंडाची घेतली. लांबी घेतली. पन्नास वर्षं माणसांना मापणारे ते हात, तलवारीलासुद्धा त्यांनी नकळत “सरळ उभं राहा” म्हटलं. मग फीत पुन्हा गळ्यात टाकली आणि खुर्चीत बसले.

“बाईंची मापं बरोबर आहेत,” ते म्हणाले. “हा सदरा ह्या अंगाचा नाही. ढिला करून पण होणार नाही.”

“नीट बघ ना दादा.”

“बघितलं रे. कापडच वेगळं आहे.”

आता शस्त्रबाईंना बोलायला वाव मिळाला. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. पायदळातला शिपाई कसा चालत जायचा आणि त्याची तलवार अशी जाड का, घोडेस्वाराची लांब का, दोघांचं लढणं कसं निराळं. आणि खरं म्हणजे, त्या म्हणाल्या, लढाईत बहुतेकांच्या हातात तलवार नसायचीच, भाला असायचा. तलवार बनवायला कठीण, भाल्याला काठी आणि वीतभर लोखंड पुरे. तेव्हा ज्याच्याकडे ही होती आणि ज्याच्याकडे ते होतं, ते दोघंही बऱ्यापैकी मातब्बर असणार.

“म्हणजे पणजोबा दोन होते?” ड्रायव्हरकाकांनी विचारलं.

“पणजोबा प्रत्येकाला चार असतात,” शस्त्रबाई म्हणाल्या. “पण ही त्यांचीच होती की तुमच्या वडिलांनी कुठून हौसेनं आणून ठेवली, ते मला नाही सांगता येणार. वस्तू तेवढं बोलत नाही.”

“बाबांना हौस फार,” टेलरकाका म्हणाले.

“आणि गोष्टी रचायची पण,” ड्रायव्हरकाका म्हणाले. “त्यांनी मला सांगितलेलं की त्यांनी वाघाला शिंकताना पाहिलंय.”

“मला सांगितलेलं लांडगा.”

दोघांच्याही तोंडाच्या कडा हलल्या, पण हसायचं आधी कोणी, हा प्रश्न होता. तो तसाच राहिला. टेलरकाकांनी मखमलीच्या झग्याची बटणं उगाच लावली, उगाच सोडली.

“बत्तीस वर्षं,” ते म्हणाले.

ड्रायव्हरकाका खिडकीबाहेर बघत होते. “वीस वर्षं माझी गाडी तुझ्या दुकानावरून जायची. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मी हॉर्न वाजवायचो.”

“तिथे वळण होतं.”

“वळण पुढच्या चौकात होतं, दादा. आमचा वाहक रोज विचारायचा, इथे कशाला वाजवता म्हणून.”

टेलरकाकांनी चष्मा काढला. काचा पुसायला फडकं शोधलं आणि हाताला मखमलच लागली, तिनंच पुसल्या. “माहीत होतं मला,” ते म्हणाले. “हॉर्न झाला की मी मशीन थांबवायचो. गिऱ्हाइकं म्हणायची, काय झालं? मी म्हणायचो, दोरा तुटला.”

शस्त्रबाई एकदम म्हणाल्या, “मी चहा सांगून येते,” आणि खोलीबाहेर पडल्या. बाहेर येऊन ढालींच्या भिंतीसमोर त्या बराच वेळ उभ्या होत्या, आणि चहा सांगायचं साफ विसरल्या. परत आल्या तेव्हा आत दोघं चांगले कडाकडा भांडत होते. शस्त्रबाईंनी आधी तलवार कुठे आहे ते बघितलं. पण विषय होता निराळाच. आता लावायच्या पाटीवर काय लिहायचं, आणि आधी नाव कुणाचं.

“थोरला आधी. ही साधी रीत आहे.”

“म्यान आधी. तलवार आत जाते म्हटल्यावर बाहेरचं आधी दिसणार.”

“ती जातच नाहीये ना आत!”

शेवटी पाटी शस्त्रबाईंनीच लिहिली. तलवार पायदळाची, म्यान घोडेस्वाराचं, एकाच पेटीत सापडली, दोन सख्ख्या भावांनी जपली. एवढंच. ‘पळवलं’ आणि ‘दाबून ठेवली’ हे शब्द दोघांच्याही डोक्यातून गेले होते, निदान तसं दोघांनी दाखवलं.

उद्‌घाटनाच्या दिवशी साहेबांनी भाषणात थोडी सारवासारव केली. वार्ताहर आधी हिरमुसले, कारण म्यानात घालायला काहीच नव्हतं. पण मग त्यांनी दोघा भावांना गाठलं आणि त्या दोघांनी जे सांगायला सुरुवात केली त्यात त्यांच्या वह्या भरल्या. थोरले पायदळाची बाजू घेत होते, धाकटे घोडदळाची. “घोडा काय, पाय घसरला की संपलं. माणूस आपल्या पायावर उभा असावा,” असं एक म्हणे. “चालत जाऊन पोचणार कधी? तोवर लढाई संपून लोक घरी गेलेले असतात,” असं दुसरा. दोन्ही जावा मागे खुर्च्यांवर बसून गप्पा मारत होत्या, आणि आपण आज फार दिवसांनी भेटतोय असं त्यांनी छान वठवलं. फक्त टेलरकाकू एकदा घसरल्या. “परवा तू ती वांगी घेतलीस ती बरी निघाली का गं?” असं त्यांनी मोठ्यानं विचारलं. दोघं भाऊ एकदम वळून बघायला लागले. काकूंनी तोंडावर पदर धरला. पण आता रागावणार कोण आणि कुठल्या तोंडानं?

प्रदर्शन दोन महिने चाललं. लोकांनी गर्दी केली ती मोठ्या चिलखतांपुढे नाही, तर चादरींच्या भाल्यापुढे आणि शेवंतीच्या शिरस्त्राणापुढे. शेवटच्या आठवड्यात शेवंतीला तीन फुलंही आली.

संपल्यावर सगळे आपापलं घेऊन गेले. पिंपाची ढाल पिंपावर गेली, गदेचा गोळा दाराशी गेला. टेलरकाका आणि ड्रायव्हरकाका मात्र हात हलवत आले.

“आम्ही दोन्ही इथेच ठेवायचं म्हणतोय,” टेलरकाका म्हणाले. “घरी नेली तर कुणी काय न्यायचं हे पुन्हा ठरवावं लागेल. आता आमच्यात तेवढा दम नाही.”

“माळ्यावरचे डबे?” शस्त्रबाईंनी विचारलं.

“स्टूल घेऊन दिलंय तिला.”

कागदांवर दोघांनी सह्या केल्या. ड्रायव्हरकाकांनी वहिनीला दवाखान्यात न्यायला त्या दिवशी आपली गाडी आणली होती, दादालाही त्याच गाडीतून घरी सोडायचं होतं. शस्त्रबाई फाटकापर्यंत पोचवायला गेल्या. टेलरकाका पुढे बसले, दार लावून घेतलं, आणि गाडी सुरू व्हायच्या आधीच त्यांनी सूचना द्यायला सुरुवात केली. डावीकडून घे, त्या रस्त्याला खड्डे आहेत, आरसा नीट लाव.

“दादा,” ड्रायव्हरकाका म्हणाले, “चाळीस वर्षं बस चालवलीये मी.”

“ते ठीक आहे. पण आज गाडीत तुझी वहिनी आहे.”

मागच्या सीटवरून टेलरकाकूंनी शस्त्रबाईंकडे बघून हात हलवला. गाडी निघाली आणि डावीकडे न वळता सरळ गेली. आतून दोघांचे आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होते.